मॉरिस मायनर: नमुन्यातलं काय गेलं, काय उरलं

एखाद्या गाडीचा पहिला नमुना आणि पुढे विक्रीला आलेली गाडी यांची तुलना बहुतेक वेळा हळहळीच्या सुरात होते. मूळ कल्पना धाडसी होती, मग खर्चाचा प्रश्न आला, वरिष्ठांनी कात्री लावली आणि रस्त्यावर आली ती तडजोड, असं सांगितलं जातं. ऑक्टोबर 1948मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडल्या गेलेल्या मॉरिस मायनरबद्दलही हे म्हटलं जातं. ‘मॉस्किटो’ नावाने घडत असलेल्या तिच्या नमुन्यातलं नवंकोरं इंजिन विक्रीच्या गाडीत आलं नाही, हे खरं आहे. तरीही त्या नमुन्याचं मोल इंजिनात नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. चाकं कुठे असावीत, वजन कुठे पडावं आणि माणसांनी कुठे बसावं, याची मांडणी हाच त्या नमुन्याचा गाभा होता आणि तो जवळजवळ शाबूत राहिला.

ऑक्सफर्डजवळच्या काउली इथे हे काम दुसरं महायुद्ध चालू असतानाच सुरू झालं. 1906मध्ये स्मर्ना इथे जन्मलेले अ‍ॅलेक इसिगोनिस हे मुख्य आरेखक, यांत्रिक भागांसाठी जॅक डॅनियल्स आणि बॉडीसाठी रेग जॉब, एवढाच हा गट. त्यांच्यासमोर उदाहरण होतं ते मॉरिसच्याच युद्धापूर्वीच्या ‘एट’ गाडीचं: वेगळी चेसिस, तिच्यावर बसवलेली बॉडी, पुढे अखंड आस आणि पाटे. नमुन्यात यातलं काहीही ठेवलं नाही. चेसिस आणि बॉडी पत्र्याच्या एकाच सांगाड्यात आली. पुढच्या प्रत्येक चाकाला गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला पोलादी टॉर्शन बार दिला. चाक उंचवट्यावरून वर उचललं गेलं की दांड्याला पीळ बसतो आणि तो पीळ सुटताना चाक खाली येतं. एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जात नाही. स्टिअरिंगला रॅक अँड पिनियन होतं, म्हणजे चालकाचा हात आणि चाक यांच्यामध्ये ढिलाईला फारशी जागाच उरली नाही. छोट्या गाड्यांना तेव्हा 16-17 इंची चाकं असत. इथे ती 14 इंची घेतली. लहान चाकांच्या कमानी आतली जागा कमी खातात, म्हणून छोट्या गाडीतही माणसं ऐसपैस बसू शकली. इंजिन पुढच्या आसाच्या दिशेने सरकवल्यामुळे मागचं आसन मागच्या आसावर न येता त्याच्या पुढे आलं. सरळ धावण्यातली स्थिरता वाढली तीही नाकाकडच्या वजनामुळेच.

हे इंजिन पुढे नेता येत होतं, कारण नमुन्यासाठी आखलेलं चार सिलिंडरचं इंजिन आडवं होतं, दोन सिलिंडर डावीकडे आणि दोन उजवीकडे. ते लांबीला आखूड आणि उंचीला बेताचं होतं. ब्रिटनमध्ये त्या वेळी गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर ठरत असे, म्हणून देशात सुमारे 800 सीसी आणि निर्यातीसाठी 1100 सीसी असे दोन प्रकार योजले होते. 1948पासून सर्व गाड्यांना सरसकट सारखा कर लागू झाला आणि या दुहेरी योजनेचा आधारच गेला. खर्चाची काळजी होतीच. अखेर जुन्या ‘एट’चं 918 सीसी साइड-व्हॉल्व्ह इंजिन मायनरमध्ये बसवलं गेलं.

इथे आक्षेप येतो की हा तर पराभवच. इंजिन जेमतेम 27 अश्वशक्तीचं, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. मग आधुनिकता राहिली कुठे? गाडी मंद होती, हे मान्य करायलाच हवं. पण पुढची बावीस वर्षं पाहा. 1952पासून 803 सीसीचं ए-सीरीज इंजिन आलं, 1956मध्ये 948 सीसीचं, 1962मध्ये 1098 सीसीचं. शक्ती 48 अश्वशक्तीवर गेली, म्हणजे सुमारे पाऊणपट वाढली. ब्रेक मोठे करावे लागले. टॉर्शन बार, रॅक आणि सांगाडा मात्र मूळच्याच तत्त्वावर राहिले. आडव्या इंजिनासाठी रुंद ठेवलेल्या जागेत ही उभी इंजिनं सहज मावली, शिवाय मेकॅनिकच्या हातालाही मोकळीक मिळाली. रद्द झालेल्या इंजिनाने मागे ठेवलेली ती जागा गाडीला दीर्घायुष्य देऊन गेली.

सर्वांत विलक्षण बदल 1947च्या उत्तरार्धात झाला, उत्पादनाची तयारी पुढे गेलेली असताना. नमुना इसिगोनिस यांना अरुंद आणि बेढब वाटत होता. त्यांनी एक गाडी लांबीच्या रेषेत मधोमध कापून घेतली आणि दोन्ही अर्ध नजरेला बरे वाटेपर्यंत एकमेकांपासून दूर सरकवले. अंतर भरलं 4 इंच. बॉनेटवर मधोमध जो उंच, सपाट पट्टा दिसतो तो त्याचाच. तयार झालेले बंपर कापून त्यांच्या मध्ये 4 इंचांचा तुकडा जोडावा लागला. डोळ्याने घेतलेल्या निर्णयाला अभियांत्रिकी म्हणायचं का, असं कुणी विचारेल. मी म्हणेन, म्हणावंच. बॉडीबरोबर डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतरही वाढलं, त्यामुळे वळणावर कलणं कमी झालं आणि दोन माणसांच्या खांद्यांना जागा मिळाली. लांबी व यंत्रणा तशीच ठेवून हे साधता आलं, यातच मूळ मांडणीची ताकद दिसते.

याचं सगळं श्रेय एकट्या इसिगोनिस यांना देण्याची प्रथा मात्र मला पटत नाही. टॉर्शन बारची कल्पना फ्रान्सच्या सित्रोएनने आधीच रस्त्यावर आणली होती. डॅनियल्स आणि जॉब यांच्या आरेखनांशिवाय काहीच उभं राहिलं नसतं. मॉरिसचे मालक लॉर्ड नफील्ड यांना ही गाडी आवडतच नव्हती, तिला त्यांनी पोच केलेल्या अंड्याची उपमा दिल्याचं सांगतात. व्यवस्थापनातले माइल्स थॉमस पाठीशी नसते, तर नमुना नमुनाच राहिला असता. त्याच गाडीचा आकडा 1960च्या डिसेंबरमध्ये दहा लाखांवर गेला. कोणत्याही ब्रिटिश मॉडेलने हा टप्पा प्रथमच गाठला होता.

याच मांडणीची मोठी आवृत्ती म्हणजे 1948ची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सने मायनरवरून ‘बेबी हिंदुस्थान’ आणि ऑक्सफर्डवरून ‘हिंदुस्थान 14’ काढली. पुढच्या पिढीच्या ऑक्सफर्डपासून लँडमास्टर आणि मग अँबॅसिडर झाली. मंत्रालयाच्या आवारात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या पांढऱ्या अँबॅसिडरच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार आणि स्टिअरिंगला रॅक अँड पिनियनच होतं. तिची इंजिनं मात्र बदलत गेली: साइड-व्हॉल्व्ह, मग 1489 सीसी ओव्हरहेड-व्हॉल्व्ह, डिझेल आणि शेवटी जपानी इसुझूचं 1800 सीसी. उत्तरपाऱ्यात 2014मध्ये उत्पादन थांबेपर्यंत टॉर्शन बार आणि रॅक दोन्ही तिच्यात होते.