बशीतला हिवताप आणि चौदाव्या दिवसाची गोळी

पावसाची उघडझाप सुरू झाली की पेण आणि रोहा तालुक्यांत थंडी वाजून येणाऱ्या तापाकडे संशयाने पाहावे लागते. आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेते, हिवतापाचे निदान होते आणि गोळ्या हातात पडतात. या गोळीची पहिली परीक्षा मात्र कित्येक वर्षे आधी, प्रयोगशाळेतल्या बशीत झालेली असते.

हिवतापाचा जंतू माणसाच्या तांबड्या पेशीत वाढतो. तो शरीराबाहेर सतत वाढवणे १९७६ मध्ये अमेरिकेतील ट्रॅगर आणि जेन्सन यांना साधले. बंद भांड्यात मेणबत्ती पेटवायची. ती विझेपर्यंत आतला प्राणवायू कमी होतो आणि फॅल्सिपेरम जंतूला मानवणारी हवा तयार होते. त्यामुळे हजारो रसायने तपासणे शक्य झाले.

चाचणीची रीत अशी. ९६ लहान खळग्यांच्या थाळीत जंतूबाधित रक्तपेशी घेतात आणि प्रत्येक खळग्यात औषधाचे प्रमाण बदलत नेतात. ३७ अंश तापमानात दोन-तीन दिवस ठेवल्यावर डीएनएला चिकटून चमकणारे रंगद्रव्य घालतात. तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून चमक दिसते ती मुख्यतः जंतूच्या डीएनएची. चमक जितकी कमी, तितके औषध प्रभावी. जंतूंची वाढ निम्म्यावर आणणारे प्रमाण किती, यावरून औषधांची तुलना होते. क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या जंतूंवरही तीच परीक्षा घेतात. औषध मानवी पेशींना अपाय करते का, हे वेगळे तपासतात. पुढे उंदीर आणि मग माणसांवरील चाचण्या.

कोकणात तापावर सातवीणीच्या सालीचा काढा देण्याची पद्धत जुनी आहे. वनस्पतीतून औषध मिळू शकते, हे खरे. चीनच्या तू यूयू यांनी १९७१ मध्ये एका वनस्पतीचा अर्क कमी तापमानात काढला, कारण उष्णतेने त्यातला गुण नष्ट होत होता. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक. पण परीक्षेत न उतरलेल्या काढ्यावर विसंबून रक्ततपासणी लांबवणे फॅल्सिपेरममध्ये जिवावर बेतू शकते.

बशीतल्या या चाचणीला एक मर्यादा आहे. व्हायव्हॅक्स जंतूची काही रूपे यकृतात झोपून राहतात. रक्तपेशींवरच्या चाचणीत ती दिसतच नाहीत. क्लोरोक्विनने तिसऱ्या दिवसापर्यंत ताप उतरतो, तरी ती जिवंतच असतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवल्या, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघणाऱ्या कातकरी कुटुंबात असा रुग्ण असेल, तर आजारही त्यांच्याबरोबर मुक्काम हलवतो आणि तिथला डास तो इतरांना देतो.

प्रायमाक्विन गरोदर स्त्रिया व तान्ह्या बाळांना देत नाहीत. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. म्हणून लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच आरोग्य केंद्र गाठावे. एरवी डॉक्टरांनी दिलेला सगळा डोस, ताप गेला तरी, चौदाव्या दिवसापर्यंत पूर्ण करावा. गाव सोडायचे असल्यास उरलेल्या गोळ्या आणि उपचाराचा कागद बरोबर न्यावा.