घरच्या संगणकातील व्हायरसचे निर्मूलन

कपाशीवर कीड दिसताच जाणता शेतकरी हाती येईल ते औषध फवारीत नाही. प्रथम पान उलटून पाहतो. संगणकास व्हायरस लागला असताही हाच क्रम हितावह ठरतो. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांत मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या संगणकावरच आता सातबाराचे उतारे, पीकविम्याच्या पावत्या आणि बँकेचे व्यवहारही असतात. तेव्हा हानी केवळ यंत्राची नसून हंगामाच्या पैशाची होऊ शकते.

व्हायरस ही कोणी तरी हेतुपुरस्सर लिहिलेली आज्ञावली होय. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हमधूनही ती घरात शिरते. मूळ फोल्डर दडवून त्यांच्या जागी ‘शॉर्टकट’ दाखविणे, हे तिचे एक परिचित लक्षण आहे. अशा शॉर्टकटवर क्लिक करू नये. त्यायोगे व्हायरस पुन्हा कार्यान्वित होतो.

या कामाचा एक बोधप्रद दाखला महाराष्ट्रातच आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात दुरुस्तीचे दुकान चालवीत. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांत व्हायरस आढळू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारी आज्ञावली लिहिली. त्यातूनच पुढे ‘क्विक हील’ हा उद्योग उभा राहिला.

निर्मूलनाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम इंटरनेट तोडावे आणि त्या संगणकावरील बँक-व्यवहार थांबवावेत. नंतर केवळ कागदपत्रे व छायाचित्रे एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. कोणतीही आज्ञावली उतरवू नये. हा पेन ड्राइव्हही तपासल्यावाचून अन्यत्र लावू नये. पुढे व्हायरसविरोधी आज्ञावली अद्ययावत करण्यापुरतेच इंटरनेट जोडावे. विंडोज १० व ११ मध्ये ‘डिफेंडर’ विनामूल्य असते. त्यातील ‘ऑफलाइन’ तपासणी विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच होते. त्यामुळे दडून बसणारा व्हायरसही सापडण्याचा संभव वाढतो. त्यानंतर संपूर्ण तपासणी करावी. केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनेही उपलब्ध आहेत. व्हायरस पुनःपुन्हा उद्भवल्यास विंडोज नव्याने बसविणे हाच खात्रीचा उपाय होय. अखेरीस सर्व पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत.

पडद्यावर अकस्मात येणाऱ्या ‘या क्रमांकावर फोन करा’ अशा सूचनेस भुलू नये. पैसे गेल्याचे आढळताच विलंब न लावता बँकेस कळवावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

प्रतिबंध हा उपचाराहून स्वस्त असतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली, त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच प्रसृत झाली होती, परंतु अनेकांनी ती बसविली नव्हती. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुधारणा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही ध्यानात ठेवावे. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकाबाहेर सदैव असावी.

ग्रामसेवक बंधूंनी एक गोष्ट घरोघरी आवर्जून सांगावी. वडिलांच्या वा आजोबांच्या हातून चुकीचे बटण दाबले गेले, तर त्यांना बोल लावू नये. रागाच्या भीतीने झालेली चूक लपविली जाते आणि तेवढ्या अवधीत खाते रिकामे होते. ज्या घरात चूक निःसंकोच सांगता येते, त्या घराचे धन सुरक्षित राहते.