कर्तव्याच्या पोटी हक्क

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा प्रत्येक माणसाला जन्मतःच काही हक्क असतात, असे गृहीत धरतो. प्राचीन पाली ग्रंथांत मात्र या आधुनिक अर्थाने ‘हक्क’ म्हणता येईल असा शब्द सापडत नाही. शिवाय ‘अनत्ता’, म्हणजे नित्य व स्वतंत्र आत्मा नाही, असे सांगणाऱ्या धम्मात हक्क नेमका कोणाचा, असाही प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहतो.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने नेते. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल या गृहस्थपुत्राला बुद्ध तेथे समजावतात, की या दिशा म्हणजे आईवडील, गुरू, पत्नी व मुले, मित्र, सेवक आणि श्रमण-ब्राह्मण होत, आणि प्रत्येक नात्यात कर्तव्य दोन्ही बाजूंनी असते. मालकाने सेवकाला झेपेल तेवढेच काम सांगावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी, असे हे सुत्त सांगते. म्हणजे आज ज्याला कामगाराचा हक्क म्हटले जाते, ते येथे मालकाच्या कर्तव्याच्या रूपाने येते. त्यामागे प्रतीत्यसमुत्पादाचा, म्हणजे प्रत्येक गोष्ट इतर कारणांवर अवलंबून उद्भवते या सिद्धान्ताचा आधार आहे, असे काही अभ्यासक मानतात.

आधुनिक जाहीरनाम्यांशीही बौद्ध नीतीचा असा मेळ बसतो. सप्टेंबर १९९३मध्ये शिकागोच्या जागतिक धर्म परिषदेत धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग यांनी तयार केलेला जागतिक नीतीचा जाहीरनामा मांडला गेला, तेव्हा त्यावर दलाई लामांनीही स्वाक्षरी केली. ईश्वर न मानणाऱ्या बौद्धांनाही तो स्वीकारता यावा म्हणून त्यात ईश्वराचे नाव टाळले होते, आणि अहिंसा, न्याय्य अर्थव्यवस्था, सत्य व स्त्रीपुरुष समता ही त्याची चार सूत्रे पंचशीलातील पहिल्या चार शीलांशी सहज जुळतात.

तरीही मालकाने कर्तव्य टाळले तर सेवकाने दाद कोठे मागावी, हे सिगालोवाद सुत्त सांगत नाही; तेथे कायदा लागतो. पण कायदा पुरेसा आहे का, याचे उत्तर डॉ. आंबेडकरांच्या विचारांत मिळते. ३ ऑक्टोबर १९५४च्या आकाशवाणीवरील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचे स्पष्ट केले. कायदा उल्लंघनापासून संरक्षण देण्यापुरता आवश्यक असला, तरी स्वातंत्र्य व समतेची खरी हमी बंधुताच देते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच राज्यघटना घडवणाऱ्या या कायदेपंडिताला धम्माचीही गरज वाटली.