काचेचा रतीब

वाशीमचा पाटणी चौक घ्या, अकोला नाका घ्या की पुसद नाका, नजर जाईल तिथे आता काच आहे. कापडाचं, चष्म्याचं, मोबाइलचं दुकान काचेआड. वरच्या मजल्यावर दवाखाना, लॅब आणि कोचिंग क्लास, तेही काचेआड. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर इथल्या बाजारपेठाही त्याच वाटेवर आहेत. जुन्या दुकानाच्या फळ्या काढल्या की दुकान उघडं व्हायचं, झाडून सडा टाकला की सफाई संपायची. घरांना गजांच्या खिडक्या होत्या. आता नव्या बंगल्याला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात, डास अडवणारी जाळी येते, जिन्यापाशी दोन मजली उभी काच येते. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला हा जिल्हा; त्याच्याही गावोगावच्या चौकांत इतकी काच लागली आहे.

ती पुसण्याचं काम मात्र अजून दुकानातल्या पोऱ्याच्या वाट्याचं. ‘काचा पुसून देऊ का भाऊ?’ असं विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, ‘पोट्टं आहे नं दुकानात, थेच पुसून टाकते.’ या एका वाक्यात या धंद्याच्या दोन्ही अडचणी आल्या. काम कुणीही करू शकतं, अशी समजूत आहे. आणि जे कुणीही करतं त्याला वेगळे पैसे द्यायचे नसतात. माझं म्हणणं असं की काच पुसणं हा हातात हुनर लागणारा, घर चालवू शकणारा स्वतंत्र धंदा आहे, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यात तो उभा राहू शकतो. अट एकच. तो मजुरी म्हणून विकू नये, रतीब म्हणून विकावा.

आधी हुनर बघू. आपल्याकडची रूढ रीत म्हणजे निळ्या कॉलिनचा फवारा आणि रद्दी पेपर, किंवा त्याहून सोपं, कोरडं फडकं. काचेला सगळ्यात जास्त ओरखडे या कोरड्या फडक्यानेच पडतात. होळीनंतर मृग लागेपर्यंत इथे जी धूळ उडते तिच्यात रस्त्याची कच असते, बांधकामाची वाळू आणि सिमेंट असतं. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचा भुसा त्यात मिसळतो. ही धूळ काचेवर घासली की काच घासली जाते. म्हणून पहिलं काम भरपूर पाण्याने धूळ खाली उतरवण्याचं. हाताशी हवी एक आयताकृती बादली, पाणी लावायचा केसाळ पॅड, रबरी पट्टीचा वायपर आणि धागे न सुटणारी तीन-चार फडकी. पाण्यात साबण थेंबभरच घालायचा; जास्त घातला की पांढरी झाक राहते आणि तिच्यावर पुन्हा धूळ चिकटते.

मग वायपर. आज जगभर वापरला जाणारा हलका, एका रबरी पट्टीचा पितळी वायपर एत्तोरे स्टेकोने या इटलीहून अमेरिकेत गेलेल्या काच पुसणाऱ्याने बनवला. ओकलंड शहरात राहून १९३६ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीचे वायपर जड लोखंडी होते आणि पट्टी बदलायची तर स्क्रूमागून स्क्रू काढत बसावं लागे. रोज तेच काम करणाऱ्याच्या मनगटाला जे हवं होतं ते त्याने स्वतः घडवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कामाला प्रतिष्ठा अशीही येते, हत्यारातून.

वायपर चालताना जवळून पाहिला तर त्यातली शिस्त कळते. काच ओली झाली की वरच्या कडेला बोटभर पट्टी आधी फडक्याने कोरडी करून घ्यायची. वायपर त्या कोरड्या पट्टीवर टेकवून सुरू केला तर पाण्याची रेघ उठत नाही. ओल्यावर टेकवला तर पहिल्याच ओढीला उठते. मग रबर किंचित तिरकं धरून, दाब सारखा ठेवून, आडवं ओढत न्यायचं. कडेशी पोचलं की मनगट वळवायचं आणि हात न उचलता परत यायचं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवत. पाणी सतत न पुसलेल्या बाजूला ढकललं गेलं पाहिजे. शेवटी खालच्या चौकटीत साचलेलं पाणी टिपायचं आणि चारही कडांवरून कोरडं फडकं फिरवायचं. रबराच्या धारेला बारीकशी खाच पडली तरी काचेवर दर फेरीला एक रेघ उठते, म्हणून पट्टी उलटी करायची, झिजली की बदलायची. सरावाच्या हाताला दुकानाची दर्शनी काच आतून-बाहेरून पुसायला पंधरा मिनिटं पुरतात. त्या पोऱ्याला अर्धा तास लागतो आणि संध्याकाळी दिवे लागले की त्याचे फराटे दिसतात.

वाशीमात काचेचा खरा वैरी म्हणजे पाणी. शहराला एकबुर्जीच्या धरणाचं पाणी येतं, पण ते रोज नसतं, आणि उरलेली गरज बोअरवर भागते. बोअरचं पाणी जड. काचेवर ते वाळलं की क्षार मागे राहतात, पांढरे ठिपके होतात आणि वर्षभर तसेच राहिले तर नुसत्या साबणाने हटत नाहीत. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असं भारतीय मानक सांगतं. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. प्यायला चालणारं असं पाणीही काचेवर डाग पाडतं. उपाय गावातच आहे. जारवाल्याचा आरओ प्लांट आज गल्लोगल्ली आहे, आणि शेवटचा हात आरओच्या पाण्याचा मारला तर ठिपके जवळजवळ राहत नाहीत. जुन्या डागांना लिंबूसत्वाचं सौम्य पाणी लावून थोडा वेळ थांबायचं. बाथरूमचं ॲसिड खिडकीजवळ आणायचंच नाही, ते ॲल्युमिनियमची चौकट खातं. आणि उन्हाळ्यात भर दुपारी काच धुवायची नाही. वायपर पोचण्याआधीच पाणी वाळतं.

इतकं सगळं कळणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? सफाईवाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात खिडक्या पुसणाऱ्यांना स्वतःचा क्रमांक आहे, ९१२३. पण तो नवव्या गटात येतो, म्हणजे सगळ्यात कमी कौशल्याच्या कामांमध्ये. त्याच गटात ९१२१ वर हाताने कपडे धुणारे-इस्त्री करणारे आहेत. आपल्या केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मात्र धोबी हा अठरा कारागिरांपैकी एक आहे. त्याला प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळू शकतं. झाडू बनवणाराही त्या यादीत आहे. झाडू चालवणारा नाही, काच पुसणाराही नाही. वस्तू घडवली तर कारागिरी आणि स्वच्छता घडवली तर मजुरी, हा भेद मला पटत नाही.

या भेदाच्या मुळाशी जात आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. सफाई ठरावीक जातींवर लादली गेली, त्यांना त्याचा मोबदला नीट दिला नाही आणि वर त्या कामाचाच कमीपणा मानला. म्हणून शिकलेला मुलगा बादली हातात घ्यायला कचरतो, आणि ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम झालं तो त्यातून सुटायला बघतो. दोघांचंही चूक नाही. वऱ्हाडाने गाडगेबाबा पाहिले. शेंडगावच्या परिटाच्या घरात १८७६ साली जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी हातात खराटा घ्यायचा आणि रात्री कीर्तन करायचा. वाशीम जिल्ह्यातली महाविद्यालयं ज्या अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला त्यांचंच नाव आहे. त्या नावाची पदवी घेतलेला मुलगा सफाईच्या धंद्यात उतरला तर त्याला घरून आणि बाजारातून पाठबळ मिळायला हवं.

प्रतिमा कशी बदलते याचं आपल्या राज्यातलं भक्कम उदाहरण पुण्यात आहे, आणि ते काचेपेक्षा कितीतरी अवघड कामातलं आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांना तिने ओळखपत्रं मिळवून दिली. ज्यांच्याकडे चोर म्हणून बघितलं जायचं त्यांच्या गळ्यात महापालिकेने मान्य केलेलं कार्ड आलं. पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला, आणि दारोदार कचरा गोळा करण्याचं शुल्क दरमहा घराघरांतून मिळू लागलं. त्या आजही स्वयंरोजगारीच आहेत. फरक पडला तो कार्डाने, ठरलेल्या वेळेने आणि ठरलेल्या महिन्याच्या पैशाने.

वाशीमच्या काच पुसणाऱ्याला यापेक्षा वेगळं काही लागत नाही. खिशावर नाव शिवलेला स्वच्छ शर्ट, मोबाइल क्रमांकाचं छोटं कार्ड, छापील दरपत्रक आणि कामाची पावती. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. तो कागद असला की बँकेच्या शाखेशी किंवा दवाखान्याशी वर्षाचा करार बोलता येतो. मोडक्या बादलीने आणि फाटक्या बनियनने आलेला माणूस तेच काम तितकंच चांगलं करेल, पण शेठ त्याला वीस रुपये काढून देतील. पावती देणाऱ्याला दर विचारतील. घराच्या कामात तर विश्वास हाच माल आहे. बेडरूमच्या खिडकीपर्यंत अनोळखी माणूस न्यायचा म्हणजे काकू आधी चार ठिकाणी चौकशी करणार. इथे बचत गटातल्या दोघी जणींची जोडी एकट्या तरुणापेक्षा लवकर घरात पोचेल, असं मला वाटतं.

आता पैसा. ब्रिटनमध्ये हा स्वयंरोजगाराचा जुना धंदा आहे, आणि तिथे माणूस आपली ठरलेली घरं, म्हणजे आपली ‘फेरी’, उभी करतो. धंदा सोडताना ती फेरी दुसऱ्याला विकतोही. आपल्याकडे दुधाचा आणि पेपरचा रतीब असतो, तसाच हा. खालचा हिशोब माझ्या अंदाजाचा आहे, दर ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे ठरवावेत. शटर वर गेल्यापासून गिऱ्हाईक सुरू होईपर्यंत दोन-अडीच तास मिळतात, तेवढ्यात आठ दुकानं होतात. आठवड्याला ४८ दुकानं, दर खेपेला ५० रुपये, म्हणजे २,४०० रुपये. महिन्याला साधारण १०,४००. दुपार उतरल्यावर घरं. बारा खिडक्यांचा बंगला, जाळ्या आणि खालच्या पट्ट्यांतली माती काढून, ७०० रुपये धरले आणि आठवड्याला तीन घरं मिळाली तर महिन्याला ९,००० च्या वर. दोन्ही मिळून १९,००० च्या आसपास, त्यातून पेट्रोल, रबर, साबण आणि पाण्याचे जार यांचे दोन हजार वजा. रोजगार हमीच्या कामाचा दर २०२५-२६ साठी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरला. महिन्याचे २६ दिवस काम मिळालं असं धरलं तरी ८,११२ होतात. पहिल्या वर्षी ४८ दुकानं जमणार नाहीत, वीस जमली तरी पुष्कळ. पण रतीबाचा गुण असा की जोडलेलं दुकान दर आठवड्याला पुन्हा मागावं लागत नाही.

मानोऱ्यासारख्या लहान गावात एवढी काच नाही, हेही खरं. तिथे दुसरा पाय हवा, आणि तो छतावर आला आहे. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. असा संच म्हणजे सहा-एक पॅनल, आणि पॅनल म्हणजे उताणी काच. उभ्या काचेवरून थोडी धूळ तरी घसरते, उताणीवर ती साचते आणि वीज कमी बनते. हात तोच, नियम थोडे वेगळे: काम सकाळी लवकर, पॅनल थंड असताना, मऊ ब्रश आणि मऊ पाणी, पॅनलवर पाय ठेवायचा नाही, तुटलेल्या पॅनलला किंवा उघड्या वायरला हात लावायचा नाही, कारण उजेड आहे तोवर त्यात वीज आहे. महिन्यातून एकदा २०० रुपयांनी पंचवीस घरं जोडली तर आणखी ५,००० आले.

जिवाची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून. आपल्या बाजारपेठांत विजेच्या तारा गॅलरीला खेटून गेलेल्या असतात. लांब ॲल्युमिनियमचा दांडा घेऊन तिथे पुसायला जाणं म्हणजे मरणाला हात लावणं आहे. तारेजवळची काच नाकारायची, दर कितीही मिळो. शिडीखाली दुसरा माणूस हवाच, आणि दोरावर लटकून करायचं काम शिकल्याशिवाय घ्यायचं नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण देतो. तो हप्ता बँक खात्यातून आपोआप जाईल अशी सोय करून ठेवावी.

सुरुवात करायला दसऱ्याआधीचे पंधरा दिवस उत्तम. दिवाळीच्या सफाईला घरोघरी माणूस हवाच असतो आणि दुकानदारही खर्चाला तयार असतो. पहिली गिऱ्हाइकं चष्म्याची दुकानं, दातांचे दवाखाने आणि लॅब यांच्यात शोधावीत, कारण तिथे डागाळलेली काच गिऱ्हाइकाला लगेच खटकते. एकदा फुकट पुसून दाखवावी, निम्मीच. उरलेली अर्धी तशीच सोडून दरपत्रक काउंटरवर ठेवावं.