कोयत्याचा हात आणि बोटावरचे यंत्र

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणारी जी माणसे वाशीसारख्या तालुक्याच्या गावी धाप लागली म्हणून दवाखान्याची पायरी चढतात, त्यांच्या बोटाला प्रथम लावला जातो तो ऑक्सिमीटरचा चिमटा. करोनाच्या साथीत हे यंत्र घरोघर पोहोचले. त्यावर उमटणारा रक्तातील प्राणवायूच्या टक्केवारीचा आकडा कोठून येतो, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

चिमट्याच्या एका बाजूस दोन दिवे असतात: एक सुमारे 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा, दुसरा सुमारे 940 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. समोरच्या बाजूस प्रकाश मोजणारा संवेदक. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश सहज जाऊ देते व अवरक्त अधिक शोषते. प्राणवायू गमावलेल्या रक्ताचे नेमके उलट. त्वचा, हाड, नख हेही प्रकाश शोषतात, परंतु त्यांचे शोषण स्थिर राहते आणि नाडीच्या ठोक्यासरशी कमीजास्त होते ते धमनीतील रक्ताचेच. तेव्हा तेवढीच स्पंदने निवडून काढावीत, ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याला 1970 च्या दशकाच्या आरंभी सुचली.

दोन्ही स्पंदनांचे गुणोत्तर हाती आले तरी केवळ सिद्धान्ताच्या बळावर त्याची भरवशाची टक्केवारी होत नाही. त्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन, त्याच वेळी त्यांच्या धमनीतील रक्त तपासून, गुणोत्तराची आणि टक्केवारीची सारणी बांधावी लागते, आणि त्या सारणीबरहुकूम यंत्र बोलते. माणसाला 70 टक्क्यांखाली नेणे धोक्याचे, म्हणून त्याखालचे आकडे अंदाजाचे. गुणोत्तर 1 असता सारणीत सुमारे 85 टक्के येतात; हुडहुडी भरलेल्या रोग्याचे बोट थरथरू लागले की दोन्ही प्रकाशांचे चढउतार सारखेच होऊन यंत्र त्या 85 कडे झुकते. हे ज्याला ठाऊक आहे तो आधी रोग्याचा हात स्थिर करील आणि मग आकडा वाचील.

त्वचेच्या रंगाची गोष्ट याहून गंभीर आहे. तिचे शोषण स्थिर, म्हणून तिचा अडथळा होऊ नये, असे तत्त्व सांगते. पण डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, यंत्र 92 ते 96 टक्के दाखवीत असता प्रत्यक्ष रक्तात 88 हून कमी आढळण्याचे प्रमाण गोऱ्या रोग्यांत 3.6 टक्के, तर कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के निघाले. उन्हाने रापलेल्या, कोयत्याने घट्टे पडलेल्या आपल्या माणसांच्या बोटांवर यंत्र किती खरे बोलते, हा प्रश्न म्हणूनच परका नाही.

अशा यंत्रांचा अभ्यास करणारा जीववैद्यकीय अभियांत्रिकीच्या पदवीचा विद्यार्थी प्रतिमाशास्त्रही शिकतो. सीटी स्कॅनमध्ये अनेक दिशांनी घेतलेल्या क्ष-किरणांच्या छायांतून शरीराचा आडवा छेद पुन्हा उभारण्याची जी जलद रीत जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी 1971 मध्ये मांडली, ती आज त्याला संगणकावर एका दुपारी करून पाहता येते. हा आनंद मोठाच आहे. पण तयार आकडेवारीवर केलेला अभ्यास रोग्याच्या खाटेपाशी नेल्यावाचून पुरा होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या आयआयटीत 2014 पासून चालणाऱ्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्राने अभियंता आणि वैद्य यांना एकत्र बसविण्याची जी रीत पाडली, ती तालुक्यापर्यंत उतरली पाहिजे.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाशी, भूम, कळंबच्या ज्या मुलामुलींनी जीववैद्यकीय अभियांत्रिकीची शाखा घेतली असेल, त्यांनी आणि त्यांच्या अध्यापकांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी एवढे मनावर घ्यावे: रीतसर परवानगी काढावी, रोग्याला त्याच्याच बोलीत समजावून संमती घ्यावी, आणि जेथे उपचारासाठी धमनीतील रक्त तपासले जातेच, तेथे त्या तपासणीचा आकडा व बोटावरच्या यंत्राचा आकडा एकाच नोंदवहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवावा.