गाणं कुणाचं, मेहनत कुणाची?

अकोल्या-अमरावतीकडच्या एखाद्या घरात अकरावीचा मुलगा रात्री एकच गाणं पन्नास वेळा ऐकताना दिसला, तर अम्मी-अब्बूंनी रागावण्याआधी विचारावं. कदाचित तो ‘ओसू’साठी मॅप बनवत असेल. 2007 साली आलेल्या या खेळात गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावरची वर्तुळं टिपायची असतात. कोणतं वर्तुळ कुठे, कधी यावं हे खेळणारेच रचतात. कुणी आपल्या आवडीच्या गाण्यावर मॅप मागून पैसेही देतो.

मेहनतीचा मोबदला घेण्यात वावगं नाही. पण गाणं मुलाचं नाही, पैसे देणाऱ्याचंही नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. गाणं विकत घेतलं म्हणजे ऐकायची मुभा मिळाली, वाटायची नव्हे. ‘ओसू’ने काही कलाकारांशी करार करून त्यांची गाणी मॅपसाठी मोकळी केली आहेत; काम घ्यायचं तर त्यांतलंच गाणं निवडावं, अन् अटी वाचाव्यात.

आणि मुलाची रचना? तिचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कायदा सहीचा लेखी करार मागतो. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. चॅटवर ‘ओके भाई’ म्हणून भागत नाही. शिवाय 18 वर्षांखालच्या मुलाने केलेला करार टिकत नाही. तेव्हा पैशाची बोलणी होताना अब्बूंनी शेजारी बसावं.