मैदानच काढून घेतलं तर?

२०२०च्या ऑगस्टमध्ये पबजी मोबाइल या गेमच्या जागतिक लीगच्या पूर्व विभागात भारताचा ऑरेंज रॉक हा संघ इंडोनेशियाच्या बिगेट्रॉनपाठोपाठ दुसरा आला. करोनामुळे सामने ऑनलाइनच झाले होते. महिनाही उलटला नाही, तोच २ सप्टेंबरला केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात पबजीही होता. ३० ऑक्टोबरला गेम चालवणाऱ्या टेन्सेंट कंपनीने भारतासाठीची सेवाच थांबवली.

क्रिकेटमध्ये स्पर्धा रद्द झाली तरी बॅट-बॉल आपलाच राहतो. इथे मैदान म्हणजे कंपनीचा सर्व्हर. डोंबिवलीत चौघे मित्र आपापल्या घरी मोबाइल आडवा धरून बसले, सरावासाठी रूम आयडी-पासवर्डही हाती आला, पण लॉगिनच होत नसेल तर घरचं वेगवान वायफाय काय कामाचं? संघ माघार घेतात तेव्हा दरवेळी निर्णय खेळाडूंचा नसतो.

पबजीची भारतासाठीची आवृत्ती, बीजीएमआय, २ जुलै २०२१ला आली, जुलै २०२२मध्ये स्टोअरवरून गायब झाली आणि मे २०२३मध्ये परतली. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ बंद केले, ईस्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. हे योग्यच झालं. तरी मुलगा यात करिअर करतो म्हणाला, तर पालकांनी एकाच गेमवर सगळी भिस्त ठेवू देऊ नये.